घरच्या प्रेसवर शिशाची गोळी दाबावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोत राहता, .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरने टार्गेट शूटिंग करता, काडतुसं घरीच भरता. तयार वॅडकटर गोळ्या (टार्गेटसाठीच्या, सपाट नाकाच्या) कधी मिळतात, कधी महिनोन्‌महिने मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी महाग. शिसं वितळवून साच्यात ओतायला घरातून ठाम नकार आहे, कारण लहान मूल आहे. तेव्हा शिशाची तार आणून ती डायमध्ये थंडच दाबायची, म्हणजे स्वेजिंग करायचं, हे घरच्या घरी जमेल का? पैसे वाचतील का? आणि ५० यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आवळला जाईल का?

एकात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. जमेल, हो. पैसे वाचतील असं वाटत नाही. ग्रुपचं मात्र तुमच्या नळीवर आणि आज तुम्ही कुठली गोळी वापरता त्यावर अवलंबून आहे. मी मूळचा टूलरूमचा माणूस, भोसरीत प्रेस टूल्स करून हात काळे केले आणि अमेरिकेत आल्यावरही डाय-पंच सुटले नाहीत. नेमबाजीचा नाद इथे लागला. त्यामुळे खालचं विवेचन जरा डायच्या बाजूने झुकलेलं वाटेल, ते चालवून घ्या.

आधी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तुम्ही ग्रीन कार्डावर आहात की एच-१बीवर? हा चौकशीखोरपणा नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. आणि त्या कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत पूर्ण काडतूसच नव्हे, तर रिकामी केस (काडतुसाचं धातूचं नळकांडं), प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), पावडर आणि नुसती गोळीसुद्धा येते. म्हणजे डायमधून बाहेर पडलेला शिशाचा तुकडा हाही कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच. आपल्यातले बरेच जण मित्राबरोबर रेंजवर जायला लागतात आणि हे त्यांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही, आणि स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या करायला केंद्रीय परवानाही लागत नाही. विकायचा धंदा केलात तर लागतो. राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, उदाहरणार्थ इलिनॉयमध्ये दारूगोळा बाळगायलाही ओळखपत्र लागतं. कुणाकडे राहायला गेलात तर तिथलं आधी बघा.

विषय निघालाच आहे म्हणून: रेंजची बॅग भारतप्रवासाला कधीही वापरू नका. तळाशी, अस्तरात राहिलेलं एकच काडतूस मुंबईच्या विमानतळावर निघालं तर प्रकरण आर्म्स ॲक्टखाली जातं आणि सुट्टी वकिलाच्या दारात संपते. आणि हे डाय पुढे कधी पुण्याला नेऊन तिथे उद्योग करू, असा विचार असेल तर तोही सोडा. तिथे १९५९च्या कायद्यात दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हेही दारूगोळ्याच्या व्याख्येतच धरलेले आहेत.

आता मूळ मुद्दा. स्वेजिंग म्हणजे आपण टूलरूममध्ये ज्याला कॉइनिंग (नाण्यासारखं दाबून आकार देणं) म्हणतो त्याचंच भावंड. कडक पोलादाचा डाय, त्यात आरशासारखं घासलेलं सरळ भोक. खालून एक पंच, वरून एक पंच, मध्ये शिशाचा तुकडा. दाब वाढला की शिसं वाहतं आणि जागा मिळेल तिथे भरतं. एका पंचाच्या तोंडावर गोळीच्या बुडाचा आकार असतो, दुसऱ्यावर नाकाचा. वॅडकटरला नाक जवळजवळ सपाटच असतं, म्हणून ती या कामाला सगळ्यांत सोयीची. टोकदार गोळी अशी एका दाबात होत नाही. तिच्या पंचाची कड कागदासारखी पातळ करावी लागेल आणि ती पहिल्या दाबातच तुटेल. तिला वेगळा डाय, वेगळी पायरी लागते. तुम्हाला तिची गरज नाही.

एक नियम पक्का लक्षात ठेवा: स्वेजिंगमध्ये व्यास नेहमी वाढतो. डायपेक्षा बारीक तुकडा घालायचा आणि तो फुगवून भिंतीला लावायचा. डायएवढा किंवा त्याहून जाड तुकडा ठोकून बसवायला गेलात तर तो अडकतो, ओरखडे पाडतो, आणि मग डाय साफ करण्यात शनिवार जातो. .३८ साठी .३१२ इंचाच्या आसपासची, म्हणजे सुमारे ७.९ मिलिमीटरची तार सोयीची पडते.

हिशेब करून बघू. नेहमीची टार्गेट वॅडकटर १४८ ग्रेनची, म्हणजे ९.६ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४. तेव्हा या तारेचा सुमारे १७.२ मिलिमीटरचा तुकडा हवा. कापताना लांबी फक्त ०.१ मिलिमीटर चुकली तर वजन जवळपास ०.९ ग्रेननं बदलतं. हाताच्या कटरवर ०.१ चुकणारच. इथेच डायची खरी करामत आहे. चांगल्या डायच्या भिंतीत अगदी बारीक भोकं असतात. तुकडा मुद्दाम चारेक ग्रेन जास्त, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरच्या पुढे कापायचा. पंच खाली येतो, गोळी पूर्ण भरते आणि उरलेलं शिसं त्या भोकांतून सोऱ्यातून शेव पडावी तसं बाहेर येतं. प्रत्येक दाबाला प्रेस एकाच जागी थांबवलीत तर आत उरलेलं शिसं प्रत्येक वेळी तेवढंच. तुकडे कसेही कापलेले असोत, गोळ्या एका वजनाच्या निघतात. भोकांतून शिसं आलंच नाही तर समजायचं की तुकडा हलका होता. ती गोळी बाजूला टाकायची, भंगारच्या डब्यात.

एवढं वाचून तुम्ही खूश व्हाल की वजन एकसारखं म्हणजे ग्रुप बारीक. थांबा. हे मी अनेक नेमबाजांकडून ऐकलंय, आणि बरेच जण संध्याकाळ-संध्याकाळ तराजूवर गोळ्या निवडत बसतात. जरा गणित करा. वॅडकटर साधारण सेकंदाला २२५ मीटरनं जाते. ५० यार्ड पार करायला तिला एक पंचमांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती सुमारे २० सेंटिमीटर खाली येते. वजनात १ ग्रेनचा फरक पडला तर वेग अर्धा टक्का वगैरे बदलेल, आणि कागदावर त्याचा परिणाम दोनेक मिलिमीटर. ५० यार्डांच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं, म्हणजे ८५ मिलिमीटरचं असतं. दोन मिलिमीटरसाठी तराजू घेऊन बसू नये.

आता दुसरं गणित, ज्याकडे फार कमी लोक बघतात. समजा गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून ०.०१ मिलिमीटर बाजूला आहे. नळीत गोळी स्वतःच्या बाह्य आकाराभोवती फिरायला बांधलेली असते. नळीतून सुटली की ती गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, आणि सुटण्याच्या क्षणी तो मध्य ज्या दिशेला फिरत होता त्या दिशेला गोळीला एक छोटा आडवा झटका मिळतो. अमेरिकेत .३८ ची बरीच रिव्हॉल्व्हर नळीतल्या खाचांच्या १८.७५ इंचांत एक फेरा या पिळाची असतात. त्या पिळावर ०.०१ मिलिमीटरच्या चुकीचे ५० यार्डांवर ६ मिलिमीटर होतात. ०.०५ चुकलं तर ३०. आणि ही चूक कुठल्याही दिशेला जाऊ शकते, म्हणजे ग्रुप दोन्ही बाजूंनी फुगतो. तराजूला यातलं काहीच दिसत नाही. ओतलेल्या गोळीत एका बाजूला हवेची पोकळी राहिली, तर वजन जेमतेम दीड-दोन ग्रेननं कमी भरेल आणि मध्य मात्र सरकलेला असेल. म्हणून साच्याच्या गोळ्या तोलण्यात थोडा अर्थ आहे: तिथे वजन हे पोकळीचं लक्षण असतं. दाबलेल्या गोळीत पोकळी राहतच नाही, तेवढ्या दाबाखाली ती मिटून जाते.

तेव्हा स्वेजिंगचा खरा फायदा वजनात नाही. मध्य अक्षावर राहतो आणि बूड काटकोनात, धारदार कडेचं निघतं, तो फायदा. बुडाचं महत्त्व तर विचारूच नका. नळीच्या तोंडाशी गोळी बाहेर पडताना मागचा वायू बुडाच्या कडेवरून सुटतो. एका बाजूची कड चेपलेली असली तर तिकडून तो आधी सुटतो आणि गोळीला कलंडवतो. नाकाला थोडी खोच पडली तर चालतं, बुडाला नाही.

पण हाच फायदा दुकानातल्या तयार स्वेज केलेल्या गोळीतही असतो. स्पीअर किंवा हॉर्नडी या कंपन्यांच्या पोकळ बुडाच्या वॅडकटर याच पद्धतीने, मोठ्या प्रेसवर दाबलेल्या असतात. आज तुम्ही त्या वापरत असाल, तर घरी दाबून त्यांच्याहून चांगली गोळी काढणं अवघड आहे. आज ओतलेल्या, कुणाकडून घेतलेल्या, कडक मिश्रधातूच्या गोळ्या वापरत असाल, तर मात्र फरक दिसू शकतो. आणखी एक जागा आहे जिथे घरची गोळी बाजी मारते: व्यास. तुमच्या सिलिंडरच्या तोंडाला (काडतुसाच्या कप्प्यातून गोळी पुढे जिथून निघते तिथे) नेमका बसणारा डाय तुम्ही करून घेऊ शकता. कारखान्याला सगळ्यांसाठी एकच आकडा धरावा लागतो. सिलिंडरचं तोंड .३५८५ इंचाचं आणि गोळी .३५७ ची असेल तर गोळी नळीत शिरायच्या आधीच डोलते. पोकळ बूड फुगून काही अंशी ते सावरतं, सगळं नाही.

पैशांचं बघू. डाय-पंचाचा एक संच शेकडो डॉलरना जातो, आणि करून देणारे लोक मोजके असल्यामुळे वाट बघावी लागते ती वेगळीच. तुमच्या रीलोडिंग प्रेसला बसणारे डाय मिळतात, पण त्यांच्यात गोळी आपोआप बाहेर पडत नाही, वरच्या बाजूने दांड्याला टोकून काढावी लागते. स्वेजिंगसाठीच बनवलेली प्रेस ती स्वतः काढते, पण तिची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल. २५ पौंडाच्या तारेत सुमारे ११५० तुकडे निघतात. तार आली की टपालखर्च आला. इथले लोक शिसं मागवताना टपालखात्याच्या एकरकमी दराच्या लहान डब्याला दुवा देतात, कारण ७० पौंडांपर्यंत वजन कितीही असलं तरी दर तोच. आता वेळ: कापणं, पुसणं, वंगण लावणं, दाबणं, काढणं, परत धुणं, हे सगळं धरून निवांतपणे तासाला शंभरच्या आसपास. तुम्ही २७०० गुणांचे सामने खेळत असाल तर एका सामन्याच्या २७० फैरींपैकी सेंटर-फायरच्या (बुडाच्या मध्यावर प्रायमर असलेल्या काडतुसांच्या) ९०, म्हणजे तुमच्या .३८ ला जेमतेम एक तास. सरावासकटही डायचा खर्च वसूल व्हायला वर्षं लागतील. ज्याला डाय आवडतात, दाबताना हाताला कळणारा तो शिशाचा ‘वाहण्याचा’ क्षण आवडतो, त्याने करावं. ज्याला फक्त बिल कमी करायचंय त्याने गोळ्या मिळतील तेव्हा जास्त घेऊन ठेवाव्यात.

गोळ्या मिळेनाशा झाल्या की माणूस स्वेजिंगकडे वळतो, यात नवल काही नाही. आज रीलोडिंगच्या हिरव्या अवजारांसाठी ओळखली जाणारी आरसीबीएस कंपनी मुळात स्वेजिंगच्या डायमधूनच उभी राहिली. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन .२२ रिमफायरच्या वापरलेल्या केसेसपासून गोळ्यांची कवचं करायला लागले. युद्धाचे दिवस, बाजारात गोळ्या नव्हत्या. रॉक चक नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी ते चाललं होतं, म्हणून ‘रॉक चक बुलेट स्वेज’, आणि त्याची आद्याक्षरं म्हणजे कंपनीचं नाव. टंचाईतून हा छंद जन्मला, आणि प्रत्येक टंचाईत तो पुन्हा डोकं वर काढतो. तुमचा प्रश्नही त्यातलाच.

करायचंच ठरलं तर शिशाबाबत तडजोड नको. मऊ, शुद्ध शिसंच हवं, ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर ५च्या आसपासचं. नखाने सहज ओरखडा उठतो ते. गाडीच्या चाकांची जुनी वजनं, रेंजवर वेचलेलं शिसं यांत अँटिमनी असते, कडकपणा दुप्पट होतो. ते या छोट्या डायमध्ये वाहत नाही. माणूस मग प्रेसचा दांडा जोरात ओढतो, आणि स्ट्रोकच्या शेवटी प्रेसचा जोर किती पटींनी वाढतो याचा त्याला अंदाज नसतो. डायला तडा जातो. दाब किती? नाकाच्या आणि बुडाच्या कडा स्वच्छ भरल्या आणि भोकांतून शिसं आलं, एवढाच. त्यापुढे ओढून काही मिळत नाही. तुकड्यावर तेल-घाण असेल ती आधी धुवून काढा, मग लॅनोलिन-एरंडेलाच्या जातीचं वंगण बोटाने अगदी पुसट लावा. वंगण जास्त झालं तर ते शिशाला कोपऱ्यात जाऊ देत नाही आणि गोळीवर सुरकुत्या पडतात. नवशिक्याच्या गोळीत दिसणारे बहुतेक दोष याच एका कारणाचे.

गोळ्या झाल्यावर धुवा आणि वरून ॲलॉक्ससारखं पातळ वंगण द्या, नाहीतर नळीत शिसं चढेल. त्या भांड्यात ओतू नका, एकावर एक आपटू देऊ नका. पोकळ बुडाची कड इतकी मऊ असते की टेबलावर पडली तरी चेपते. केसचं तोंड पुरेसं उघडून घ्या, म्हणजे गोळी बसवताना शिसं तासलं जाणार नाही.

पावडरचा आकडा मी इथे देणार नाही. वॅडकटर केसच्या आत पूर्ण खोल बसते, आतली जागा खूप कमी उरते, त्यामुळे दुसऱ्या आकाराच्या १४८ ग्रेन गोळीचा चार्ज तिला लावणं धोक्याचं आहे. नेमक्या त्याच प्रकारच्या गोळीचा, छापील मॅन्युअलमधला हलका चार्ज घ्या. आणि वेग वाढवायचा मोह नको. पोकळ बुडाच्या मऊ गोळीला जोरात ढकललं तर तिचा घेर फाटून नळीतच राहू शकतो, आणि पुढची फैर त्या अडथळ्यावर जाऊन आदळते.

आता घरातल्या नकाराबद्दल. थंड कामात शिसं वितळत नाही, वाफ होत नाही, हे खरं. तरी तुमच्या पत्नीचं म्हणणं उडवून लावू नका. शिसं तारेच्या चुऱ्यातून, हातांवरून, कपड्यांवरून घरात येतं आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जातं. मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ पासून धरलेला संदर्भ आकडा डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि याखाली सुरक्षित अशी पातळी ठरवलेली नाही. तेव्हा काम गॅरेजमध्येच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कधीच नाही. काम करताना खाणं-पिणं, कॉफीसुद्धा नाही. बूट आणि ॲप्रन तिथेच सोडायचे. चुरा झाडूने किंवा घरच्या व्हॅक्यूमने काढायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि फडकं टाकून द्यायचं. मुलाला उचलण्याआधी साबणाने हात धुवायचे. खरं म्हणजे तुमच्या शरीरात जाणाऱ्या शिशाचा मोठा वाटा बंदिस्त रेंजवरच्या हवेतून येत असेल, कारण बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि प्रत्येक फैरीला त्याचा धूर होतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना रक्तातलं शिसं बघायला सांगा, स्वेजिंग करा अथवा न करा. मुलाचंही.

लगेच डायची ऑर्डर देऊ नका. आधी तयार स्वेज केलेल्या वॅडकटरचा एक डबा कुठूनही मिळवा आणि तुमच्या हल्लीच्या गोळ्यांशी ५० यार्डांवर, टेकू लावून, एकाच केसेस आणि एकाच पावडरवर आलटून-पालटून तुलना करा. दोन-तीन ग्रुपवर निकाल लावू नका, योगायोग फार फसवतो. फरक पडला नाही तर घरच्या गोळीनेही पडणार नाही. पडला, तर सिलिंडरच्या सहाही तोंडांतून आणि नळीतून मऊ शिशाचा गोळा हळू ढकलून बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने त्याचा व्यास घ्या. व्हर्नियर कॅलिपर त्याला पुरणार नाही. ते सात आकडे आणि तुमच्या प्रेसचं मॉडेल कळवा, मग डाय किती व्यासाचा सांगायचा ते बघू.